कॅन्यनचा रस्ता आणि पाण्याची पाळी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला सांगितलं, "अमेरिकेच्या प्रवासावर वीस मिनिटं बोला, पण कंटाळा येऊ देऊ नका." आता आपल्या संस्थेत निम्म्या घरांतली मुलं तिकडे आहेत. नायगारा, न्यूयॉर्क, डिस्ने हे सगळं इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे ते मी काही सांगत नाही. मी सांगणार आहे ते अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या एका रस्त्याबद्दल. युटा राज्याचा दक्षिण भाग आणि त्याला लागून ॲरिझोनाचा उत्तर भाग. लाल खडकांचा, खोल दऱ्यांचा मुलूख. मधूनच एखादं दोनशे, पाचशे वस्तीचं गाव. मोठं शहर एकही नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मी, आमची ही, मुलगी, जावई आणि नात असे पाच जण निघालो. लास व्हेगासला गाडी भाड्याने घेतली आणि सहा दिवसांत सोळा-सतराशे किलोमीटर फिरून परत तिथेच आलो. गाडी जावयांनी चालवली. माझ्याकडे नकाशा आणि पाण्याच्या बाटल्यांचा हिशेब. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हिशेबाशिवाय दुसरं काय देणार!

पहिला मुक्काम झायन राष्ट्रीय उद्यान. व्हर्जिन नावाची एक छोटी नदी आहे. ऑक्टोबरात आपण गुडघाभर पाण्यातून चालत जाऊ शकतो, एवढीच. पण तिने दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उंच उभे कडे कोरून ठेवलेत. हा खडक म्हणजे सुमारे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या, दाबल्या जाऊन दगड झालेल्या. आपला सह्याद्री लाव्हारसाचा, काळा आणि त्याहून पुष्कळ तरुण. इथला खडक लालसर, पिवळट, आणि त्यात वाऱ्याने वाळूवर उमटवलेल्या तिरक्या रेघा अजून स्पष्ट दिसतात.

झायनमधून पूर्वेकडे जाताना एक बोगदा लागतो. १९३० मध्ये पुरा झालेला, सुमारे १.८ किलोमीटर लांब, पूर्ण खडकातून. मध्ये मध्ये कड्याच्या बाजूला खिडक्या ठेवल्या आहेत. अंधारातून जाताना एका क्षणापुरती दरी दिसते आणि परत अंधार. नातीने प्रत्येक खिडकीला टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी ब्राइस कॅन्यन. खरं तर हे कॅन्यन नाही, पठाराची झिजलेली कड आहे. समुद्रसपाटीपासून आठ-नऊ हजार फूट उंच. वर्षातले १७०-१८० दिवस असे असतात की दिवसा बर्फ वितळतो, पाणी फटीत शिरतं आणि रात्री परत गोठतं. गोठताना ते फुगतं आणि खडक फोडतं. त्यातून केशरी-गुलाबी रंगाचे हजारो सुळके उभे राहिलेत. पहाटे उन्हाची पहिली तिरीप त्यांच्यावर पडली तेव्हा आमच्या हिने नकळत हात जोडले. ज्याचं नाव या जागेला मिळालं तो एबेनेझर ब्राइस स्कॉटलंडहून आलेला सुतार. १८७५ च्या सुमारास तिथे राहायला आला. या जागेबद्दल त्याचं मत काय, तर इथे गाय हरवली तर शोधायची म्हणजे महाकठीण काम, असं तो म्हणायचा म्हणतात. आपण तिथे फोटो काढतो, पण तिथे पोट भरायला आलेल्या माणसाची नजर वेगळी असते. हे मनात ठेवा, कारण पुढे मी तेच सांगणार आहे.

ब्राइसच्या जवळून हायवे नंबर १२ जातो. सुमारे दोनशे किलोमीटरचा. अमेरिकेतल्या सर्वांत देखण्या रस्त्यांत त्याची गणना होते आणि ती योग्यच आहे. ब्राइसपासून खाली उतरताना उजव्या हाताला एक छोटी पायवाट आहे, मॉसी केव्हची. जेमतेम अर्ध्या तासाची. वाटेच्या कडेने झुळझुळ पाणी वाहत होतं, लहानसा धबधबाही होता. आमच्या हिला वाटलं ओढा आहे. तिथल्या फलकावर वाचलं तर तो ओढा नव्हेच. तो पाट होता. माणसांनी हाताने खणलेला पाट!

मंडळी, इथे मी थबकलो. कारण पाट म्हटलं की माझे कान टवकारतात. १९८० च्या सुमारास मी साक्री तालुक्यातल्या एका शाखेत शेती कर्जाचं काम बघत होतो. पाटाच्या पाण्यावरचे तंटे, पाळीपत्रकं आणि टेलच्या शेतकऱ्याची रड ऐकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

तर या पाटाची गोष्ट अशी. खाली दरीत ट्रॉपिक नावाचं गाव आहे. आज वस्ती पाचशेच्या आसपास. गाव वसवायला आलेल्या मॉर्मन पंथाच्या लोकांना जमीन मिळाली, ऊन मिळालं, पण पाणी नव्हतं. पाणी होतं वर पठारावर, सेव्हिअर नदीच्या पूर्वेकडच्या फाट्यात, आणि ते वाहत होतं दुसऱ्याच दिशेला. १८९० ते १८९२ अशी दोन वर्षं त्या लोकांनी टिकाव आणि फावडं घेऊन सुमारे सोळा किलोमीटरचा पाट खणला आणि पठाराच्या कडेवरून ते पाणी आपल्या दरीत उतरवलं. तेव्हापासून २००२ चं दुष्काळी साल सोडलं तर दरवर्षी तो पाट ट्रॉपिक आणि शेजारच्या कॅननव्हिल या दोन गावांना शेतीचं पाणी देतो आहे. एकशे तीस वर्षांहून जास्त!

दुपारी ट्रॉपिकमध्ये जेवायला थांबलो. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे शेतकरी बसले होते. मी जावयांना म्हटलं, "विचारा त्यांना, पाण्याची पाळी कशी ठरते?" जावई म्हणाले, "बाबा, सुट्टीवर आलोय आपण." पण विचारलं त्यांनी. गृहस्थ खूश झाले. म्हणाले, पाटाचे शेअर असतात. ज्याचे जेवढे शेअर तेवढे तास पाणी. पाळी रात्री दोन वाजता आली तर रात्री दोन वाजता उठायचं. मी विचारलं, "पाणी कमी आलं तर?" ते म्हणाले, "तर सगळ्यांनाच कमी. तास तेवढेच, धार बारीक."

या एका वाक्यासाठी माझा प्रवास सार्थकी लागला. का, ते सांगतो.

आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत होती. काही शतकांची जुनी. बंधारा बांधायचा, पाट काढायचा आणि शिवाराचे मोठे फड पाडायचे. एका फडात एकच पीक. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात असायची. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागले, सगळे गावाने नेमलेले. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून पाटातला गाळ काढायचा. पाऊस कमी झाला तर पंच ठरवायचे की यंदा एक फड कोरडा. प्रत्येकाची जमीन त्या फडात असल्यामुळे झळ प्रत्येकाला बसायची, पण एकट्याला बुडवून दुसरा तरला असं व्हायचं नाही. पुढे वर धरणं झाल्यावर ही पद्धत बऱ्याच ठिकाणी मोडली. पण युटातला मॉर्मन शेतकरी आणि आपला खानदेशातला शेतकरी, एकमेकांचं नावही न ऐकता, एकाच उत्तरापाशी पोहोचले. जे येईल त्याचा हिस्सा वाटायचा, आकडा वाटायचा नाही.

एक गोष्ट मात्र न विसरता सांगायला हवी. ही जमीन रिकामी नव्हती. तिथे पायूट लोक राहत होते, आणि पाट खणणारे आले तेव्हा त्यांचे झरे आणि शिकारीची रानं गेली. कौतुक करताना खात्याची ही बाजूही लिहायला हवी.

आता पुढचा रस्ता. एस्कलान्ते गाव सोडलं की थोड्या अंतराने हॉगबॅक नावाचा टप्पा येतो. डोंगराच्या अरुंद पाठीवरून रस्ता जातो आणि दोन्ही बाजूंना खोल दरी. कठडा नाही. आमची ही डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती आणि नात "आजी, बघ ना, बघ ना" म्हणत होती. पुढचं बोल्डर गाव तर एकेकाळी इतकं अडचणीत होतं की १९३० च्या दशकातही तिथे टपाल खेचरांवरून यायचं. आज वस्ती अडीचशेच्या आत. ग्रँड कॅन्यनच्या पोटात सुपाई नावाचं हावासुपाई लोकांचं गाव आहे, तिथे तर आजही टपाल खेचरावरूनच जातं.

चौथ्या दिवशी सकाळी कॅपिटल रीफमधलं फ्रूटा. या भागात वर्षाला जेमतेम आठ इंच पाऊस. मुंबईत जुलैमध्ये तेवढा कधी एका दिवसात पडून जातो. आणि एवढ्या पावसात तिथे काय आहे? फळबागा! सफरचंद, पीच, पेअर, जर्दाळू, चेरी. १८८० नंतर आलेल्या मोजक्या कुटुंबांनी फ्रिमाँट नदीचं पाणी पाटाने आणून लावलेली. एका वेळी दहाच्या वर कुटुंबं तिथे कधी नव्हती. आता गाव उठलेलं आहे, पण उद्यान खातं बागा राखतं आणि पाणी अजून पाटानेच देतं. बाग खुली असेल तेव्हा आत शिरून झाडावरचं फळ तिथेच खाल्लं तर पैसे नाहीत. घरी न्यायचं असेल तर स्वतःच वजन करायचं आणि पेटीत पैसे टाकायचे. वर माणूस नाही. आम्ही दोन किलो सफरचंदं घेतली. पैसे मी स्वतः मोजून टाकले, आणि सवयीने दोनदा मोजले.

तिथल्याच कड्यावर मॉर्मनांच्या शेकडो वर्षं आधीच्या फ्रिमाँट लोकांनी कोरलेली चित्रं आहेत. तेही त्याच नदीकाठी मका पिकवत होते. नदीकाठ तोच, माणसं बदलत गेली.

हँक्सव्हिलला पेट्रोल भरलं. तिथलं दुकान चक्क खडक पोखरून आत केलेलं आहे. पुढे हायवे ९५ वर जवळपास दोनशे किलोमीटर पेट्रोल मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून टाकी काठोकाठ भरून निघायचं. या रस्त्यावर हाइट इथे आपण कोलोरॅडो नदी ओलांडतो. पुलाच्या अलीकडे गाडी थांबवून वरून पाहिलं. इथे एकेकाळी पॉवेल जलाशयाचं पाणी होतं, बोटी उतरवायला काँक्रीटचा उतार केलेला होता. आता तो उतार कोरड्या जमिनीवर संपतो. पाणी दूर, खाली, मातकट पट्ट्यासारखं. नातीने विचारलं, "आबा, पाणी कुठे गेलं?"

तिला जे उत्तर दिलं तेच तुम्हाला देतो, जरा विस्ताराने.

१९२२ मध्ये कोलोरॅडो खोऱ्यातल्या सात राज्यांनी करार केला. नदीचे वरचं आणि खालचं असे दोन भाग पाडले आणि प्रत्येकाच्या नावावर वर्षाला ७५ लाख एकर-फूट पाणी लिहिलं. एक एकर-फूट म्हणजे सुमारे सव्वाबारा लाख लिटर. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला १५ लाख देण्याचं कबूल केलं. झाले १६५ लाख. आता गंमत पाहा. करारासाठी ज्या वर्षांच्या नोंदी धरल्या ती वर्षं नेमकी भरपूर पाण्याची होती. झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून नंतर कळलं की तो काळ कित्येक शतकांत विरळा इतका ओला होता. या शतकात नदीत सरासरी १२५ लाखांच्या आसपासच पाणी येतं आहे.

बँकेतले जे कोणी इथे बसलेत त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. एखाद्या दुकानदाराची तीन दिवाळ्यांची विक्री पाहून कॅश क्रेडिटची लिमिट मंजूर करावी, तसं हे झालं. ताळेबंद खोटा नव्हता. पण वर्षं निवडक होती. आणि लिमिट कायमची दिली!

करारात बसलेली सगळी राज्यंच. खोऱ्यातले तीस आदिवासी समाज त्या टेबलावर नव्हतेच.

पाचव्या दिवशी आम्ही ब्लफहून निघालो. ब्लफ हे गाव १८८० चं. ते वसवायला अडीचशे माणसं आणि ऐंशीच्या वर गाड्या घेऊन जो तांडा निघाला, त्याला सहा आठवडे लागतील असा अंदाज होता. लागले सहा महिने. कड्यातली एक फट सुरुंगाने रुंद करून त्यांनी बैलघोड्यांच्या गाड्या दोरांनी धरून कोलोरॅडोपर्यंत खाली उतरवल्या. एवढं करून पोहोचले, आणि सॅन वान नदीच्या पुराने त्यांचे पाट पुन्हा पुन्हा वाहून नेले. पाणी कमी तरी त्रास आणि जास्त तरी त्रास, हे आपल्याला नवं नाही.

पुढे मॉन्युमेंट व्हॅली. जुन्या काउबॉय सिनेमांत दिसणारे ते एकटे उभे लाल स्तंभ इथले. ही नावाहो लोकांची भूमी, सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटर. सूर्य मावळताना ते दृश्य पाहून बोलायला सुचत नाही. पण त्याच रस्त्यावर मी आणखी काही पाहत होतो. पिकअप गाड्यांच्या मागे पाण्याच्या प्लास्टिकच्या टाक्या. नावाहो प्रदेशात जवळपास तीनातल्या एका घरी नळाचं पाणी नाही. लोक मैलोन् मैल जाऊन पाणी भरून आणतात. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं होतं, ते आठवलं. या लोकांच्या पाण्याचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जून २०२३ मध्ये, आम्ही जायच्या चारच महिने आधी, पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की जुन्या तहानुसार त्यांच्यासाठी पाण्याची तजवीज करायला सरकार बांधील नाही. मी तहही वाचलेला नाही आणि वकीलही नाही. पण टाकीवाल्या त्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

शेवटचा मुक्काम पेज. ग्लेन कॅन्यन धरण बांधणाऱ्या कामगारांसाठी १९५७ मध्ये वसवलेलं गाव. धरण २१६ मीटर उंच. १९६३ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि जलाशय पूर्ण भरायला १९८० उजाडलं. आज लाल कड्यांवर पांढरा पट्टा दिसतो, आपल्या बादलीला क्षाराची रेघ उमटते तसा. पाणी कुठपर्यंत होतं ते तो पट्टा सांगतो. २०२३ च्या सुरुवातीला हा जलाशय क्षमतेच्या चौथ्या हिश्श्याच्याही खाली गेला होता. त्यावर आणि खालच्या धरणावर मिळून चार कोटी लोकांचा भार आहे. सध्याचे वाटपाचे नियम २०२६ अखेर संपतात, त्यामुळे सातही राज्यं पुन्हा वाटाघाटीला बसली आहेत. खरा प्रश्न तोच, ट्रॉपिकच्या म्हाताऱ्याने जेवता जेवता सोडवलेला. आकडा वाटायचा की हिस्सा?

पेजजवळच्या अँटेलोप कॅन्यनची लालबुंद, लाटांसारखी घळ तुम्ही फोटोत पाहिली असेल. नावाहो वाटाड्याशिवाय तिथे जाता येत नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये दूर कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा अचानक आला आणि अकरा पर्यटक गेले. डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी वाटाडा नाही म्हणाला तर मुकाट्याने परत फिरायचं.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना. सप्टेंबर-अखेर ते ऑक्टोबर हवा उत्तम. झायनच्या मुख्य दरीत वर्षातला बहुतेक काळ खासगी गाडी नेता येत नाही, उद्यानाची बस घ्यावी लागते. छोट्या गावांत रविवारी पुष्कळ दुकानं बंद असतात, तेव्हा दशम्या-चटणी बरोबर ठेवा. प्रवेश फीचे नियम बदलतात, निघायच्या आधी मुलांना बघायला सांगा. आणि घड्याळ सांभाळा. उन्हाळी वेळ युटा पाळतं, नावाहो पाळतात, बाकीचं ॲरिझोना पाळत नाही. आमच्या फोनने एका दुपारी तीनदा वेळ बदलली. बुकिंग कोणत्या वेळेचं आहे ते आधी विचारून घ्या.

आता घरच्या गोष्टीकडे येतो आणि थांबतो. आपली संस्था पंचवीस वर्षांची झाली. आपल्याकडेही शेअर आहेत, पाट आहे आणि टेलही आहे. चौथ्या मजल्यावरचे सभासद म्हणजे आपले टेलचे शेतकरी. एप्रिल-मे आला की तळमजल्यावर बादल्या वाहतात आणि वर नळ सूं सूं करतो. मग टँकर, मग टँकरच्या बिलावरून सभेत आवाज चढतात. प्रत्येक वेळी आपण "रोज दोन तास पाणी मिळायलाच हवं" असा आकडा मागतो. टाकीत तेवढं आलंय का, हे विचारत नाही.

येत्या वार्षिक सभेत पाण्याचा विषय पत्रिकेवर आहे. माझी सूचना एवढीच की कमी पाण्याची वाटणी आत्ता, टाकी भरलेली असताना ठरवा. पाणी कमी आलं तर सगळ्यांनाच त्या प्रमाणात कमी, वरच्या मजल्यालाही आणि कार्यकारिणीच्या घरांनाही. आणि वर्षातून एकदा टाकी साफ करायला प्रत्येक घरातून एक माणूस. ट्रॉपिकमध्ये एकशे तीस वर्षं हे चाललंय, आपल्याला अजून पंचवीस वर्षं जमवायची आहेत.

सचिवांनी घड्याळाकडे फक्त दोनदाच पाहिलं. चहा तयार आहे असं कळतंय.